प्रवाळावर पाय न पडावा

परभणी जिल्ह्यातील श्रावकांना जिंतूरची नेमगिरी जवळची, समुद्र मात्र दूरचा. चातुर्मास संपतो, तेव्हा मालवणचे पाणीही निवळू लागते. तेथे स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या कुटुंबांनी जागा पारखून निवडावी. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी पाणी गढूळ असते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ व रंगीत मासे दिसतात. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वारा सुटण्यापूर्वीची सकाळ उत्तम. ऐन ओहोटी टाळावी. उथळ पाण्यात पाय प्रवाळावर पडतो. जैन शास्त्रांत प्रवाळ पृथ्वीकाय जीवांत गणले आहे, विज्ञान त्याला प्राणी म्हणते. दोन्ही दृष्टींनी ते सजीवच. म्हणून नावाड्याला आधी विचारावे, नांगर कोठे टाकणार? उत्तर ‘वाळूवर’ असेल, तरच नावेत बसावे.