सीएनजी किट : टाकीइतकीच महत्त्वाची ती डबी

पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवायला निघालेला माणूस गॅरेजमध्ये दोन गोष्टी हमखास विचारतो : टाकी किती किलोची आणि खर्च किती? बॉनेटखाली बसणाऱ्या छोट्या डबीबद्दल, म्हणजे गॅसच्या ईसीयूबद्दल (इंधन सोडण्याचं नियंत्रण करणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल), फारसं कुणी विचारत नाही. गाडी पुढे कशी चालणार, हे मात्र बरंचसं तिच्यावर ठरतं.

‘किट म्हणजे टाकी, नळी आणि एक बटण’ ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळात फार चुकीची नव्हती. हवेबरोबर गॅस ओढला जाई आणि स्क्रू फिरवून प्रमाण लावलं जाई. इंजेक्शनच्या गाड्यांत तेवढ्यावर भागत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो मिथेनला सुमारे १७.२ किलो. हे प्रमाण सतत सांभाळलं, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करतो.

अशा गाड्यांसाठीच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गाडीचा मूळ ईसीयू नेहमीसारखा पेट्रोलचाच हिशेब करत राहतो. कुठला इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा, हा त्याचा हुकूम गॅसचा ईसीयू मध्येच पकडतो, पेट्रोल बंद ठेवतो आणि गॅसचा दाब व तापमान पाहून गॅसच्या इंजेक्टरची वेळ ठरवतो. टाकीतला २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये दोनेक बारवर उतरताना फार गार पडतो, म्हणून तिथून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. रिड्यूसर तापेपर्यंत गाडी पेट्रोलवरच राहते. सकाळी गाडी लगेच गॅसवर जात नाही, हा बिघाड नव्हे.

‘किटमुळे मूळ कॉम्प्युटर बिघडतो, मग चेक इंजिनचा दिवा लागतो’ हे तर सर्रास ऐकू येतं. खरं कारण बहुतेकदा ट्यूनिंगमध्ये असतं. गॅस गरजेपेक्षा कमी सोडला, की सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो. मूळ ईसीयू इंजेक्टरची वेळ वाढवतो आणि ही दुरुस्ती लक्षातही ठेवतो. मग गाडी पेट्रोलवर घेतली, की सुरुवातीला पेट्रोल जास्त जातं. दुरुस्ती मर्यादेबाहेर गेली, की दिवा लागतो. कॉम्प्युटर शाबूत असतो. त्याला चुकीचा धडा शिकवलेला असतो.

म्हणूनच ‘गॅस कमी सोडला की अ‍ॅव्हरेज वाढतो’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सपाट रस्त्यावर सेन्सर ती कपात भरून काढतो, म्हणजे बचत होतच नाही. घाटात किंवा भरल्या गाडीत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र ईसीयू सेन्सरवर विसंबत नाही. तेव्हा मिश्रण पातळ राहतं, इंजिन मिस मारतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरची वाट लावतं.

पिकअप कमी होतो, ही तक्रार खोटी नाही. आत जाणाऱ्या मिश्रणाची जवळपास दहा टक्के जागा मिथेनच घेतो, तेवढी हवा कमी शिरते. कुठलंही ट्यूनिंग हे पूर्ण भरून काढू शकत नाही. पण मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन जास्त असतो. त्यामुळे टायमिंग अ‍ॅडव्हान्सरने ठिणगी थोडी आधी पाडली, तर गेलेल्या दमापैकी काही परत मिळतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांचं गणित वेगळं : इंजेक्टर थंड राहावेत म्हणून अनेक किट गॅसवरही थोडं पेट्रोल जाऊ देतात. तिथे गॅसवर चालवूनही पेट्रोल संपतं, याचं नवल नको.

बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची मुभा ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने मिळाली. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने त्या प्रकारच्या गाडीसाठी मंजूर केलेलं हवं, आरसी बुकावर नोंद हवी आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी हवी. गाडी ताब्यात घेण्याआधी फिटरला लॅपटॉप जोडून चढावर चक्कर मारायला सांगा. स्कॅनरवर पेट्रोल आणि गॅस दोन्हींवरचे फ्युएल ट्रिमचे, म्हणजे मूळ ईसीयूने केलेल्या त्या दुरुस्तीचे, आकडे जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. तफावत मोठी असेल, तर ती मिटेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.