कमांडोची खरी कसोटी

कमांडो पथकात जायचं ठरलं की आपल्याकडची मुलं पहाटे उठून धावायला लागतात आणि जोर-बैठकांचा आकडा वाढवतात. ते योग्यच आहे, पण तेवढ्याने तयारी झाली असं समजणं धोक्याचं आहे. शत्रूच्या मुलखात शिरून माहिती काढणाऱ्या आणि प्रसंगी लढून परतणाऱ्या तुकडीचा कस लागतो तो नजरेत, संयमात आणि नियम पाळण्याच्या सवयीत. हे समजून घ्यायला हैदराबादच्या ग्रेहाउंड्स दलाचा इतिहास पाहावा. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी आयपीएस अधिकारी के. एस. व्यास यांनी 1989 साली हे दल उभं केलं. 27 जानेवारी 1993 रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर नक्षलवाद्यांनी त्यांची हत्या केली. दल मात्र टिकलं, वाढलं आणि इतर राज्यांच्या पोलिसांनी त्याचा कित्ता गिरवला. 1990 साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या सी-60 पथकाच्या जवानांनीही हैदराबादला जाऊन प्रशिक्षण घेतलं.

या दलामागचं सूत्र सोपं होतं. गाड्यांचा ताफा घेऊन रस्त्याने जाणारे पोलीस लांबूनच दिसतात आणि सुरुंगाच्या टप्प्यात आयते येतात. म्हणून लहान तुकडीने, पायी, रात्रीच्या अंधारात जंगलात शिरायचं, काही दिवस तिथंच काढायचे आणि गवगवा न करता परत यायचं. अशा तुकडीत सर्वांत पुढे चालणारा जवान पाऊल टाकण्याआधी जमीन पाहतो: माती नुकती उकरलेली आहे का, पाचोळा कुणी हलवलेला आहे का, झुडपातून एखादी तार गेली आहे का. मागचे जवान एकमेकांत अंतर ठेवून चालतात, म्हणजे एका स्फोटात सगळे सापडत नाहीत. बोलणं हाताच्या खुणांनी. गेलेल्या वाटेने परतायचं नाही, पाणवठ्यावर रेंगाळायचं नाही. यातली एकही गोष्ट दंडाच्या ताकदीने साधत नाही. ती अंगवळणी पडावी लागते, आणि थकव्याने डोळे मिटत असतानाही टिकावी लागते.

नियम सुटला तर काय होतं, याचे दाखले रक्ताने लिहिलेले आहेत. 29 जून 2008 रोजी ओडिशातल्या बालिमेला जलाशयात शोधमोहिमेहून परतणाऱ्या जवानांच्या बोटीवर काठच्या टेकड्यांवरून हल्ला झाला. 38 जण गेले, त्यांत बहुतेक ग्रेहाउंड्सचे होते. उघड्या पाण्यात ना आडोसा होता, ना पांगायला जागा. 1 मे 2019 रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेडा इथं शीघ्र कृती दलाचे जवान खासगी वाहनाने जात असताना सुरुंगस्फोट झाला. 15 पोलीस आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी धैर्य कमी पडलं नव्हतं. पायी, विखरून, अनपेक्षित वाटेने जाण्याची जी पद्धत या दलांचं कवच आहे, ती त्या प्रवासात नव्हती.

यावर कुणी म्हणेल, बोटीत किंवा गाडीत बसायचा निर्णय जवान घेत नाही, वरिष्ठ घेतात. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ही शिस्त शिपायाइतकीच अधिकाऱ्यालाही लागू व्हायला हवी. दुसरा आक्षेप असा की ताकद नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये तीन महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये बहुसंख्य उमेदवार गळतात, हे खरंच आहे. पण तिथं शरीर थकवतात ते थकल्यावर डोकं कसं चालतं हे पाहण्यासाठी. ताकद हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही, पण आतलं काम वेगळंच असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: अशी दलं बंदुकीचा अतिरेक करतात. आंध्रातल्या चकमकींबाबत नागरी स्वातंत्र्य कार्यकर्त्यांनी तक्रारी केल्या, त्यानंतर 1997 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सर्व राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशीची कार्यपद्धती ठरवून दिली. हे निर्बंध दलाला दुबळं करत नाहीत. समोरचा माणूस गावकरी आहे की बंदूकधारी, हे ओळखेपर्यंत बोट रोखून धरणं हेही प्रशिक्षणच आहे. सी-60 मध्ये स्थानिक आदिवासी तरुण घेतले गेले, ते गोंडी-माडिया बोलतात. गावाशी बोलता येणारा जवान चूक कमी करतो.

म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं आहे: 1600 मीटर धावण्याचा सराव चालू ठेवा. त्यासोबत नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिका, प्रथमोपचार शिका, ज्या भागात जायचं आहे तिथली भाषा शिका, कायदा वाचा. जो जंगल, माणूस आणि स्वतःचा राग ओळखतो, तोच या कामाला लायक आहे.