सूर्योपासना आणि तरुणांची काया

आज माघ शुद्ध सप्तमी, अर्थात रथसप्तमी. अंगणात सप्ताश्वरथावर आरूढ झालेल्या सूर्यनारायणाची रांगोळी रेखाटली जाईल, गोवरीच्या विस्तवावर दुधाचे बोळके ठेवले जाईल आणि ते उतू गेले म्हणजे घरची माउली समाधानाने हात जोडील. या तिथीला आरोग्यसप्तमी असेही म्हणतात. आरोग्य मागावे ते सूर्यनारायणाकडे, ही आपल्या पूर्वजांची शिकवण. घराघरांतील तरुण मुलांकडे पाहता हे मागणे आज अधिक कळकळीने मागावयास हवे, असे आम्हांस वाटते.

मध्यंतरी नीरेच्या काठी शिरवळ येथे एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. पुणे-सातारा महामार्गावरील हे गाव आता कारखान्यांमुळे गजबजले आहे. घरच्या वहिनी काळजीच्या स्वरात म्हणाल्या, “शेतात राबत होता तवर पोरगा काटक होता. कंपनीत लागला आन् दोन वर्सांत पोट सुटलं बघा. जिना चढताना धाप लागतीया.” मुलगा पंचविशीचा. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, जाणे-येणे मोटारसायकलवर, मधल्या वेळी वडापाव, दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा आणि घरी परतल्यावर आईच्या मायेचे भरगच्च ताट! याच गावची सुभानमंगळ गढी 1648 साली कावजी मल्हार आणि त्यांच्या मावळ्यांनी जिंकली. त्यांतील कित्येक वयाने या मुलाएवढेच असतील. अंतर पडले ते श्रमांचे.

पोट सुटणे हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. पोटात साठलेली चरबी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना वाट करून देते. आणि आपल्या देशात हे विकार तुलनेने कमी वजनावर व कमी वयात गाठतात. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यक सांगते. मात्र निराश होण्याचे कारण नाही. ऐंशी किलो वजनाच्या तरुणाने चार-पाच किलो उतरविले तरी प्रकृतीला त्याचा लाभ होतो.

औंधच्या राजाचा अनुभव

उपाय दूर शोधावयास नको. सातारा जिल्ह्यातच यमाईच्या डोंगराखाली औंध आहे. तेथील अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी तरुणपणी पाश्चात्त्य मल्ल सँडो याची साधने आणवून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्याचेच झाले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर ग्रंथ लिहिला, परदेशांतही त्याचा प्रसार केला. ज्याला कोणतेही यंत्र सहज आणविता आले असते, त्या राजाने अखेरीस हातभर रुंद सतरंजी पुरेशी मानली, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

नेम कसा धरावा?

मित्र, रवि, सूर्य, भानु अशी सूर्याची बारा नावे घेत एकेक नमस्कार घातला की बारांचे एक आवर्तन होते. सवय नसलेल्याने पहिल्या आठवड्यात तीनच घालावेत, पुढे दर आठवड्यास दोन-तीन वाढवावेत. पोट रिकामे असावे, श्वास नाकाने घ्यावा, घाई करू नये. रातपाळीहून आलेल्याने आधी झोप घ्यावी. अपुरी झोपही वजन वाढविते. कंबरेचे, हृदयाचे वा रक्तदाबाचे दुखणे असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे. याच्या जोडीला रोज अर्धा तास भरभर चालावे. शिरवळकरांना नीरेचा काठ आहेच.

तथापि केवळ नमस्काराने भागत नाही. निम्मे काम स्वयंपाकघरात आहे. सहा कप चहात दोन-दोन चमचे साखर घातली तर दिवसाकाठी बारा चमचे साखर नकळत पोटात जाते. ती आधी निम्मी करावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी आणि ताक हे आपलेच अन्न आहे. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीने भरावा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वेफर आणि बर्फी खाऊन ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करू नये; फळे, ताक आणि नामस्मरण यांवर दिवस काढावा. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास करू नये. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, वजन करावे. ते अर्धा किलोने उतरले तरी पुष्कळ झाले. महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या जाहिरातींना भुलू नये.

आणि मातांना आमची एक नम्र विनंती. मुलगा “पुरे” म्हणाला की वाढती पळी मागे घ्यावी. त्याने माया उणी होत नाही. शिरवळच्या त्या वहिनींनाही आम्ही हेच सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, “मंग त्याच्यासंगं सकाळचं मीबी चालत जाते.” आम्हांस वाटते, नेमाचा खरा आरंभ तेथेच झाला.

आज अंगणातले दूध खुशाल उतू जाऊ द्यावे. ताटातले मात्र मोजकेच असावे. सूर्यनारायण एकही दिवस न चुकता उगवतो. त्याच्या उपासकानेही रोजचा आपला नेम चुकवू नये. सर्व तरुणांस तो भास्कर दीर्घायुरारोग्य देवो!