उंदीर खात्याचे दाजी

दाजी गेले त्याला आता वर्ष होत आलं. नात्यानं ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मॅट्रिक झाल्यावर १९८४ मध्ये मी त्यांच्याच कारखान्यात कामाला बसलो आणि उमेदीची सगळी वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. मी दाजी म्हणायचो म्हणून कारागीर दाजी म्हणायला लागले, मग घुंगरं लावणाऱ्या बायका, मग चांदी देणारे व्यापारीसुद्धा. वयानं मोठी माणसंही त्यांना दाजीच म्हणत.

त्यांचं घराणं मूळचं निपाणीजवळचं, सोन्याचं काम करणारं. १९६३ च्या जानेवारीत तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली आणि देशभरातल्या सोनारांच्या हातचं काम गेलं. दाजी तेव्हा चौथीत होते. वडिलांनी बिऱ्हाड हुपरीला आणलं, कारण इथं चांदीचं काम होतं आणि चांदीला तो कायदा लागू नव्हता. ते दिवस उपासमारीचे होते, पण दाजी सांगताना म्हणायचे, "मोरारजीभाईंनी आमाला हुपरीला पोचवलं. त्यांचा फोटो देवघरात लावाय पायजे हुता, पर आई न्हाई म्हनली."

१९७९ मध्ये त्यांनी स्वतःची धडी सुरू केली. व्यापाऱ्याकडून शुद्ध चांदी वजनावर घ्यायची, ठरल्या टंचाचे, म्हणजे शुद्धतेचे, पैंजण घडवून वजनावर परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची, हा धडीचा व्यवहार. काही महिन्यांतच अमेरिकेतल्या, टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीची साठेबाजी करून भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात नेला आणि १९८० च्या मार्चअखेरीस तो कोसळला. दाजींना चांदी देणाऱ्या व्यापाऱ्यानं हात आखडता घेतला. भट्टी बंद पडली, ताईच्या पाटल्या गेल्या. या सगळ्याचं वर्णन दाजी एका वाक्यात करायचे: "टेक्सासची पावणी आली हुती, जाताना ताटंबी घिऊन गेली."

पुढं भट्टी पुन्हा पेटली. मी कामाला बसलो तेव्हा मला त्यांनी पहिल्यांदा तार ओढायला बसवलं. चांदीची कांब ठोकून तिचं टोक निमुळतं करायचं, ते पोलादी जंत्रीच्या भोकात घालायचं आणि पलीकडून सांडशीनं धरून ओढायचं. मग त्याहून बारीक भोक, मग त्याहून बारीक. चार भोकं झाली की तार ताठरते. ती भट्टीत तापवून मऊ केली नाही तर तुटते. मी अंगातलं सगळं बळ लावून ओढायचो. दाजी मागं येऊन उभे राहिले. "पावणं, तार वडायची हाय, म्हस न्हवं." सगळा कारखाना हसला. मग त्यांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली आणि खांदा न हलवता, कमरेतून मागं सरकत तार कशी घ्यायची ते दाखवलं. त्यांचं शिकवणं असंच. आधी चेष्टा, लगेच हात. आणि ती चेष्टा कुणाच्या गरिबीवर, जातीवर किंवा व्यंगावर कधी गेली नाही. बहुतेक वेळा मेव्हणा म्हणून मीच गिऱ्हाईक असायचो, आणि तो मान मी आनंदानं मिरवला.

हुपरीचं काम कारखान्यापुरतं नसतं. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड, तळंदगे इथल्या घराघरांत बायका पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरं लावतात. सकाळी माल तोलून द्यायचा, झाला की तोलून घ्यायचा. चांदीच्या धंद्यात माणसाची अब्रू या दुसऱ्या वजनावर टांगलेली असते. काम करताना थोडी घट धरलेलीच असते, पण त्याहूनही चार-पाच ग्रॅम कमी भरलं की मजुरीतून कापतात, आणि कापण्यापेक्षा वाईट म्हणजे चारचौघांत संशयानं बघतात.

एकदा, नुकताच नवरा गेलेल्या एका बाईचा माल असा कमी भरला. ती काट्याकडं बघतच राहिली, तोंडातून शब्द फुटेना. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आमच्या कारखान्यात एक उंदीर हाय बघा. लई श्रीमंत. धान्य खाईना, चांदीच खातोय." आणि वहीत खरंच लिहिलं: उंदीर, ४ ग्रॅम. त्या दिवशी त्या बाईला पूर्ण मजुरी मिळाली.

तेव्हापासून वहीत उंदीर खातं सुरू झालं ते कायमचं. कुणाची घट जास्त आली, चूक लबाडीची नाही अशी दाजींची खात्री झाली, की आकडा उंदरावर पडायचा. दिवाळीत वही बदलताना त्या खात्याची चांदी ते स्वतःच्या मजुरीतून भरून व्यापाऱ्याला चोख हिशेब द्यायचे. मला वाटायचं, लोक याचा फायदा घेतील. दोघांनी घेतलाही. पण बाकीच्या बायका माल आणून देताना पदरातले, परातीतले कण झटकून पुडीत बांधून आणायच्या आणि म्हणायच्या, "दाजी, ह्यो उंदराच्या तोंडातनं काडलाय." हिशेब मीच लिहायचो, म्हणून सांगतो, आमची घट वर्षागणिक कमी होत गेली.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेनंतरचा पहिला दिवस तर बघण्यासारखा असायचा. माणसं, पिशव्या, कधीकधी मालसुद्धा भंडाऱ्यानं पिवळा. काट्यावर ठेवताना दाजी ओरडायचे, "आज घट न्हाई, आज वाढ हाय!"

नंतरचा काळ सोपा नव्हता. आग्रा, सेलम, राजकोटच्या मशीनच्या मालाशी टक्कर, २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी. नोटाबंदीत मजुरीला रोकड नव्हती, तेव्हा त्यांनी किराणा दुकानदाराला हमी देऊन सगळ्या कारागिरांचं वाणसामान सुरू ठेवलं. २०२० मध्ये लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली. दाजी रोज सकाळी एकेका कारागिराला फोन करून विचारायचे, "उंदीर उपाशी हाय, तुमचं काय?" आणि उत्तर ऐकून कुणाकडं काय पोचवायचं ते मला सांगायचे.

दाजींचा खोकला त्याच सुमाराचा, कदाचित आधीचाही असेल. डाख देताना, म्हणजे सांधे जोडताना, मूस भट्टीतून काढताना, माल तेजाबात घालताना जो धूर उठतो त्यात ते लहानपणापासून बसलेले. खोकल्याची ढास आली की म्हणायचे, "भट्टी आत पेटलीया, कोळसा वाचला." आम्ही हसायचो, कारण त्यांच्यापुढं हसायचीच सवय होती. ताईनं तगादा लावून कोल्हापूरला नेलं तेव्हा फुप्फुसं बरीच निकामी झाली होती. २०२५ च्या आषाढात ते गेले. त्याच वर्षी पुढं चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली. तो भाव त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर त्यावर काय बोलले असते, हे आमच्या कारखान्यात अजून रोज कुणीतरी विचारतं.

दाजींना नेमका कशानं आजार जडला, हे ठरवणारा मी डॉक्टर नाही. पण डाखात कॅडमियम असेल तर त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खातो, हे जगभर माहीत असलेलं सत्य आहे. हुपरी आणि आसपासच्या ज्या घरांत भट्टी पेटते त्यांना माझी विनंती आहे. डाख कशाचा आहे ते विकणाऱ्याला विचारा, कॅडमियमचा असेल तर घेऊ नका. धूर बाहेर फेकणारा पंखा बसवा. आणि भट्टीवर बसणाऱ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, तर तो कितीही हसवत असला तरी त्याला दवाखान्यात न्या आणि छातीची तपासणी करून घ्या.