परत आलेलं पाकीट काय सांगतं?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. विषय जुन्या वळणाचा वाटेल: पोस्टातून परत आलेली पत्रं. पण थांबा, यात माझी एक चूक आहे आणि ती एका आजींना महागात पडली.

मी एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. तिथल्या कपाटात रबरबँड लावलेले पाकिटांचे गठ्ठे पडले होते. वार्षिक सभेच्या नोटिसा, मुदत ठेव संपत आल्याची पत्रं, सगळी परत आलेली. टपाल बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "एवढ्यांचे पत्ते शोधणार कोण?" मी पडलो इंजिनिअर! दोन दिवसांत सोय करून दिली. पाकिटावरचा सभासद क्रमांक टाका, बटण दाबा, सभासद 'निष्क्रिय'. पुढच्या वेळी त्याचं पत्र छापलंच जाणार नाही. टपालखर्च कमी झाला, सगळे खूश.

काही महिन्यांनी एक आजी ठेवीची पावती घेऊन काउंटरवर आल्या. ठेवीची मुदत कधीच संपली होती आणि तेव्हापासून तिच्यावर फक्त बचत खात्याचं व्याज लागत होतं. "पत्र तरी पाठवायचं रे बाळा," एवढंच म्हणाल्या. घर तर चाळीस वर्षं तेच. मग पत्र परत का आलं?

गठ्ठ्यातून ते पाकीट शोधून काढलं. पोस्टमननं शेरा मारला होता, 'अपुरा पत्ता'. लेबलवर पत्ता 'मारुती मंदिराच्या' इथंच तुटला होता. 'मागे' हा शब्द आणि गल्लीचं नाव गायब! लेबलच्या एका ओळीला मीच चाळीस अक्षरांची मर्यादा घातली होती. पोस्टमन बरोबर, आजी बरोबर, चूक माझी. आणि वर मी त्यांनाच निष्क्रिय ठरवलं.

मग ताई आणि मी पूर्ण गठ्ठा उघडून बसलो आणि शेऱ्यांप्रमाणे ढीग लावले. तेव्हा कळलं की प्रत्येक शेऱ्याचं काम वेगळं आहे.

'अपुरा पत्ता' म्हणजे आधी आपली नोंद आणि लेबल तपासा. माणूस बहुतेक तिथंच असतो.

'दार बंद' म्हणजे त्या वेळी घरी कोणी नव्हतं. पत्ता चुकीचा आहे असं यावरून ठरत नाही. फोन करा, पुन्हा पाठवा.

'लेफ्ट', म्हणजे जागा सोडून गेले. इथं पत्ता खरंच जुना झालाय. नवीन पत्ता विचारा, पण जुना पुसू नका. त्याच्यापुढे तारीख टाकून ठेवा, पुढे ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

'घेण्यास नकार' म्हणजे पत्ता बरोबर आहे, माणसाला पत्र नकोय. जाहिरातीचं पत्र असेल तर त्याचं नाव त्या यादीतून काढा. पैशांची नोटीस असेल तर पाकीट शेऱ्यासकट जपून ठेवा, तो पुरावा आहे.

'मयत' हा शेरा दिसला की पत्रं थांबवा, खातं मात्र थांबवू नका. वारसदाराची नोंद उघडा आणि घरच्यांशी नीट बोला. गेलेल्या माणसाच्या नावानं पुन्हा पुन्हा पत्र येणं घरच्यांना किती लागतं, हे सांगायला नको.

एक साधी गोष्ट: पाकिटावर 'न मिळाल्यास परत पाठवा' असं लिहून आपला पत्ता छापा. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर नसेल तर पत्र टपाल खात्याच्या रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. याचंच जुनं नाव डेड लेटर ऑफिस. पाठवणारा कोण हे शोधायला तिथं पाकीट उघडावं लागतं.

आता पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, आपला मराठी माणूस आणि संस्कृत कवी! पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा 4. पहिले तीन आकडे टपाल जिथं वेगळं केलं जातं तो जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणजे पत्त्यात पुणे शहर आणि पिनकोडची सुरुवात 403 नं असेल, तर गडबड आहे, कारण 403 गोव्याचा. ही तपासणी प्रोग्रॅम पत्र छापण्याआधीच करू शकतो. वडगाव नावाची गावं आपल्याकडे कितीतरी, म्हणून तालुका आणि जिल्ह्याचे रकानेही वेगळे ठेवा.

ईमेलचंही असंच. 5 नं सुरू होणारा कोड, उदाहरणार्थ 550, म्हणजे बहुधा असा मेलबॉक्सच नाही. त्यावर पाठवणं थांबवा. 4 नं सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. बंद पत्त्यांवर पाठवत राहिलात तर तुमचे चांगले मेलसुद्धा स्पॅममध्ये जायला लागतात.

आमच्या सॉफ्टवेअरमधून 'निष्क्रिय'चं बटण आता गेलंय. त्याच्या जागी तीन रकाने आहेत: कधी परत आलं, का आलं, आपण काय केलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर पुढची यादी छापताच येत नाही. सुरुवातीला ताई वैतागल्या. आता पाकीट हातात आलं की त्याच आधी फोन उचलतात.

आणि हे फक्त पतसंस्थेपुरतं नाही. कंपनीचा लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही, तर तो सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतो. सलग सात वर्षं तसंच झालं तर शेअर्ससुद्धा जातात. परत मागता येतात, पण कागदपत्रांची धावपळ वारसांना करावी लागते. सुरुवात कुठून झाली? परत आलेल्या आणि कुणी न वाचलेल्या एका पाकिटातून.

तर आज एक काम करा. आईबाबांच्या बँकेत, विम्यात, डीमॅट खात्यात कुठला पत्ता आणि कुठला मोबाईल नंबर आहे, ते त्यांच्याशेजारी बसून बघा. दहा-पंधरा मिनिटं लागतील. मी आमच्या घरी बघितलं, तर बाबांच्या पॉलिसीवर अजून जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!