मेमरी फोमची गादी: घ्यावी का आणि कशी?

गेल्या काही वर्षांत कंबरदुखीचा रुग्ण औषधाची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, "डॉक्टर, मेमरी फोमची गादी घेतली तर फरक पडेल का हो?" टीव्हीवरची जाहिरात, पुण्याला राहणाऱ्या मुलाचा आग्रह किंवा शेजाऱ्यांकडे आलेली नवी गादी यातून हा प्रश्न निघतो. विचारणाऱ्याच्या हातात साधारण सात-आठ हजार रुपये असतात, तेही बोनसमधून किंवा कापसाच्या पट्टीतून बाजूला काढलेले. एवढ्या पैशात नको ती गादी घरात आली तर पुढची आठ-दहा वर्षे तिच्यावरच काढावी लागतात. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर घेत आहे.

पहिली गोष्ट, दोष गादीचाच आहे का ते पाहावे. रात्री झोपताना कंबर ठीक असते, सकाळी उठताना आखडते आणि तोंड धुऊन चहा होईपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत मोकळी होते. शिवाय पाहुणे म्हणून दुसरीकडे दोन रात्री झोपलात की बरे वाटते. असे असेल तर बिछान्यावर संशय घ्यायला जागा आहे. खात्री करायला पैसा लागत नाही. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दोन-तीन जाड गोधड्या अंथरून चार-पाच रात्री झोपून पाहा. (गुडघ्यांमुळे ज्यांना जमिनीवरून उठवत नाही त्यांनी हा प्रयोग करू नये.) फरक पडला तर गादीचा विचार करा. अजिबात पडला नाही तर पैसे तूर्त कपाटातच राहू द्या.

आणखी एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त आखडलेली राहते, पहाटे दुखण्याने जाग येते, पडून राहिले की दुखणे वाढते, हिंडले-फिरले की कमी होते आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले आहे, तर तो गादीचा प्रश्न समजू नका. मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार असाच सुरू होतो. असा एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा घरच्यांनी दोन वर्षांत तीन गाद्या बदलून झाल्या होत्या आणि त्याची मान वळेनाशी झाली होती. वेळेवर निदान झाले तर औषधे आणि व्यायाम यांनी हा आजार बराच ताब्यात ठेवता येतो. याशिवाय पायातली शक्ती कमी होणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासायला हवे. उतारवयात घसरून पडल्यावर सुरू झालेल्या पाठदुखीचा एक्स-रे काढावा. यातले काहीही गादीने बरे होत नाही.

आता मेमरी फोम म्हणजे काय ते पाहू. 'अंतराळवीरांसाठी बनवलेला फोम' असे जाहिरातीत म्हणतात. खरी हकीकत अशी की १९६६ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेसाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानातील आसनांकरिता हा फोम तयार केला. उद्देश होता धक्का झेलणे आणि बसणाऱ्याचा भार सारखा पसरवणे. कंबरदुखी तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. गादीच्या रूपाने तो स्वीडनमधून १९९१ पासून विकला जाऊ लागला. साध्या फोमवर दाब दिला की तो लगेच उसळून वर येतो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, शरीराच्या आकाराप्रमाणे हळूहळू खाली जातो आणि भार काढल्यावर हळूहळूच पूर्ववत होतो. त्यामुळे कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्यावर आणि खुब्याच्या हाडावर येणारा दाब कमी होतो. बारीक अंगाच्या किंवा संधिवाताच्या माणसाला हा फरक चांगला जाणवतो.

परंतु हा फोम पाठीला आधार देत नाही, तो फक्त दाब पसरवतो. आधार देतो तो त्याच्या खालचा थर. जिला दुकानात 'मेमरी फोमची गादी' म्हणतात तिच्यातही मेमरी फोम वरचा एक-दोन इंचच असतो, खाली साधा फोम किंवा काथ्या असतो. पैसे मोजकेच असतील तेव्हा पहिला रुपया या खालच्या थरावर खर्च करावा, हेच मी प्रत्येकाला सांगतो. खालचा थर भुसभुशीत असेल तर वर कितीही महाग मेमरी फोम असो, वर्षाच्या आत कमरेच्या जागी खळगा पडतो.

इथे एका जुन्या सल्ल्याविषयीही बोलले पाहिजे. कंबर दुखली की फळीवर झोपा, असे आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर याची पद्धतशीर परीक्षा झाली आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. तेव्हा 'ऑर्थोपेडिक' असे छापलेली दगडासारखी गादी घेण्याची गरज नाही. तो शब्द छापायला कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाची सही लागत नाही.

गादीच्याही आधी पलंग पाहा. नवार सैल पडलेली खाट किंवा मध्ये वाकलेल्या पट्ट्यांची लोखंडी कॉट असेल तर तिच्यावर टाकलेली नवी गादीही तिच्यासारखीच वाकेल. सुताराकडून एक जाड प्लायवूड कापून टाकून घ्या, त्याला हवा जाण्यासाठी ठिकठिकाणी भोके पाडायला सांगा. पुष्कळ लोकांचे काम एवढ्यावरच भागते. आपला भाग कापसाचा. घरात कापसाची जुनी गादी असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून, नीट टाके घालून घेतलेली गादी आजही वाईट नाही. दर एक-दोन वर्षांनी ती पुन्हा पिंजावी लागते आणि दम्याच्या रुग्णाला तिच्या धुळीचा त्रास होतो, एवढे लक्षात ठेवावे. काथ्याची गादी चांगल्या अवस्थेत असेल, मध्ये खचलेली नसेल, तर पूर्ण नवीन गादी न घेता तिच्यावर टाकायचा दोन इंची मेमरी फोमचा सुटा थर घ्यावा. कमी पैशात हा मार्ग मला सर्वात पटतो. खचलेल्या गादीवर मात्र असा थर टाकून उपयोग नाही, खळगा तसाच राहतो.

नवीन गादीच घ्यायची तर खाली चार इंच चांगला फोम आणि वर दोन इंच मेमरी फोम एवढे सर्वसाधारण वजनाच्या माणसाला पुरते. आठ-दहा इंचांच्या मोहात पडू नये. त्याच पैशात जाडी वाढली की दर्जा उतरला असे समजावे.

हा दर्जा ओळखायचा कसा? दुकानदार 'डेन्सिटी' सांगतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. खालचा फोम रोजच्या वापराला ३२ किंवा त्याहून अधिक असावा. मेमरी फोम ५० च्या आसपास मिळाला तर उत्तम, ४० च्या खालचा लवकर बसतो. लेबलावर काहीही छापता येते, पण गादी काट्यावर ठेवता येते. लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला ६१,००० ने भागा आणि येणाऱ्या आकड्याला डेन्सिटीने गुणा, म्हणजे किलोमध्ये वजन मिळते. ७२ बाय ३६ इंचांचा दोन इंची थर ५० डेन्सिटीचा असेल तर सव्वाचार किलोच्या आसपास भरेल. ३० चा असेल तर अडीच किलोच. वर सांगितलेली सहा इंची गादी कव्हर सोडून साडेनऊ किलोच्या पुढे भरली पाहिजे. ती सहा किलो भरली तर तिची सरासरी डेन्सिटी २४ देखील नाही, मग पाटीवर काही का लिहिलेले असेना. मापात सोने घेणाऱ्या आपल्या लोकांना गादी तोलायला सांगितली की हसू येते, पण दुकानदाराकडे काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात असतोच.

यात दोन पळवाटा आहेत. फोमच्या कातरणांना सरस लावून, दाबून केलेला 'रिबॉन्डेड' फोम मुळातच जड असतो. तळाला तो चालतो, कडक गादी हवी असणाऱ्याला आवडतोही, पण त्याचे वजन या हिशेबात धरू नये. दुसरी म्हणजे खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवलेला फोम. तो बोटांनी चोळला की पांढरी पूड गळते, आणि अशी गादी टिकत नाही. म्हणून गादीच्या कव्हरला चेन असावी आणि ती उघडून आतले थर डोळ्यांनी पाहावेत. चेन उघडू देत नसेल तर मी त्या दुकानातून गादी घेणार नाही. मेमरी फोमवर तळहात दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. हाताचा ठसा काही सेकंद दिसला पाहिजे. लगेच उसळला तर तो साधा फोम आहे.

यानंतर तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे, घरी झोपता तसे झोपावे. उताणे पडून कमरेखाली हात सरकवा. हात सहज आरपार जात असेल तर गादी तुम्हाला कडक आहे. हात शिरतच नसेल तर फार मऊ आहे. थोडा प्रयत्न करून गेला तर ठीक. आपल्याकडे अडचण अशी की कंबर दुखते गृहिणीची आणि गादी पसंत करतात यजमान, कारण चारचौघांत दुकानात आडवे व्हायला बायकांना संकोच वाटतो. दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, सुनेला किंवा मुलीला बरोबर घेऊन जावे. तेही जमत नसेल तर ज्या नातेवाइकांकडे अशी गादी आहे त्यांच्याकडे एक रात्र मुक्काम करावा. नवरा ऐंशी किलोचा आणि बायको पन्नास किलोची असेल तर एका मोठ्या गादीऐवजी तीन-तीन फुटी दोन वेगळ्या गाद्या शेजारी-शेजारी टाकाव्यात. जड माणसाची थोडी कडक, हलक्या माणसाची थोडी मऊ.

मेमरी फोम सर्वांना मानवतो असे नाही. तो हवा खेळू देत नाही आणि उष्णता धरून ठेवतो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा कूलर नसलेल्या खोलीत चार इंची मेमरी फोमवर झोपणे म्हणजे शिक्षाच. एक-दोन इंचांचा थर असेल तर उन्हाळ्यात तो काढून ठेवता येतो, सुटा थर घेण्याचा हा आणखी एक फायदा. थंडीत हाच फोम आल्या आल्या कडक लागतो, अंगाच्या उबेने मऊ व्हायला वेळ घेतो. कंपवाताच्या किंवा अशक्त वृद्धांना त्यात रुतल्यामुळे कूस बदलणे जड जाते, आणि गादीची कड दबत असल्याने काठावर बसून उठताना ते घसरू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला अशा मऊ गादीवर कधीही झोपवू नये. तोंड त्यात रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, घट्ट बिछाना हवा, शेजारी उशाही नकोत.

लकवा झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही गादी नेणारे बरेच आहेत. तिने हाडांवरचा दाब कमी होतो हे खरे, परंतु तेवढ्याने शय्याव्रण टळत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहणे, अंथरूण कोरडे ठेवणे हे करावेच लागते. त्वचा लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर ती व्रणाची सुरुवात समजून लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा रुग्णासाठी आळीपाळीने हवा भरणारी एअर बेड पुष्कळदा अधिक उपयोगी पडते आणि काही ठिकाणी ती भाड्यानेही मिळते.

मोबाईलवरून गादी मागवणारे आता तालुक्याच्या गावीही आहेत. 'शंभर रात्री वापरून पाहा' असे काही कंपन्या म्हणतात. आपल्या पिनकोडवरून गादी परत न्यायला माणूस येतो का आणि त्याचा खर्च कोणाचा, हे आधी विचारून घ्या. गुंडाळी करून आलेली गादी पूर्ण फुलायला एक-दोन दिवस लागतात. नव्या फोमला वास असतो, तो जाईपर्यंत ती हवेशीर खोलीत उभी ठेवावी, दम्याच्या माणसाने तोवर तिच्यावर झोपू नये. कापसाच्या गादीसारखी ती गच्चीवर उन्हात टाकू नका. उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो, सावलीतला वारा पुरे. फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून पलंगाजवळ डासांची कॉइल नको आणि अंथरुणात विडी-सिगारेट तर मुळीच नको.

गादी घरी येण्यापूर्वी बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या. हमीपत्रात किती इंच खचल्यावर गादी बदलून मिळेल ते वाचा. डाग पडला किंवा खालचा पलंग वाकलेला निघाला तर हमी लागू नाही, असे बहुतेक हमीपत्रांत बारीक अक्षरात लिहिलेले असते. तेव्हा पहिल्या रात्रीपासूनच सुती खोळ घाला आणि प्लायवूड आधी बसवून घ्या.