हौशींची विजेरी आणि नवखा माणूस

एखाद्या छंदात मुरलेल्या मनुष्याने त्या छंदाशी नुकतीच ओळख झालेल्या नवख्याला पहिली वस्तू कोणती घ्यावयास सांगावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ दिसला तरी विजेरीच्या शौकिनांत तो गेली पंचवीस वर्षे पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. वाद असतो तो कारखान्यातून जशी निघाली तशीच वापरावयाच्या विजेरीबद्दल नव्हे, तर कोणा हौशी कारागिराने उघडून, आतला दिवा, परावर्तक किंवा सर्किट पालटून मनाजोगती करून घेतलेल्या विजेरीबद्दल. आणि या काळाचा मागोवा घेतला असता मला असे वाटते की, अशा विजेरीची शिफारस एके काळी सर्वस्वी रास्त होती, मध्यंतरी ती जोखमीची झाली, आणि आज ती करावयाची झाल्यास ज्या गुणाचा हौशी मंडळी सर्वांत अधिक अभिमान बाळगतात त्या गुणासाठी करू नये.

हातात धरावयाच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मायसेल यांना १८९९ च्या जानेवारीत मिळाले आणि कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीने ती वस्तू बाजारात रुजविली. त्यानंतरची सात-आठ दशके या वस्तूत हौसेला फारसा वाव नव्हता. आपल्याकडची एव्हरेडीची पितळी 'जीवनसाथी' घ्या की अलाहाबादच्या गीप कंपनीची विजेरी घ्या, तिच्याकडून अपेक्षा एवढीच की मोठे सेल घालताच ती लागावी, आणि न लागल्यास तळहातावर एक थाप मारताच लागावी. बदलावयाचे ते सेल आणि फार तर बल्ब. त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज पडत नसे.

१९७९ साली कॅलिफोर्नियात टोनी मॅग्लिका यांनी 'मॅगलाइट' विक्रीस काढली, आणि येथून खऱ्या अर्थाने या छंदाला अंग मिळाले. ॲल्युमिनियमची ती दणकट नळी आयुष्यभर पुरेल अशी होती, मात्र तिच्या पोटातला बल्ब तिच्या देहयष्टीच्या मानाने अगदीच दुबळा होता. तेव्हा उत्तम वाड्यात भिकार दिवा पाहून ज्याला चैन पडत नाही अशा माणसाने तो बदलून पाहावा, हे क्रमप्राप्तच होते. मोठे सेल काढून त्यांच्या जागी पुन्हा भरता येण्याजोगे अनेक लहान सेल बसवावेत, ठरविलेल्या विद्युतदाबाहून अधिक दाबावर प्रखर बल्ब पेटवावा, त्या उष्णतेने प्लास्टिकचा परावर्तक वितळू लागला की धातूचा घालावा, पुढे प्लास्टिकच्या जागी काच बसवावी, आणि शेवटी त्या झोतासमोर वर्तमानपत्राचा कागद धरून तो पेटवून दाखवावा, असा हा सारा खटाटोप होता. तो गमतीचा होता, यात शंका नाही. परंतु तो ज्याने स्वतः जोडला त्याच्याच हाती तो शोभत असे, आणि त्या काळच्या जाणत्यांनाही याची जाण होती.

पुढे प्रकाशोत्सर्जक डायोडांचे युग आले. शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा डायोड १९९३ चा, निचिया कंपनीचा पांढरा डायोड १९९६ चा, आणि शतक पालटण्याच्या सुमारास ल्युमिलेड्सचा 'लक्सिऑन' हा खरोखर प्रकाश म्हणता येईल असा प्रकाश देऊ लागला. परंतु विजेरीचे मोठे कारखाने या नव्या दिव्याकडे वळण्यास इतके रेंगाळले की, २००३ च्या सुमारास चांगली डायोडची विजेरी हवी असणाऱ्या मनुष्याला हौशी कारागिराचे दार ठोठावण्यावाचून दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता. शुअरफायरची '६ पी' ही विजेरी दोन महागड्या लिथियम सेलांवर ६५ ल्युमेन प्रकाश देई, तोही जेमतेम तासभर; तिचे डोके फिरवून काढावे आणि आतला बल्ब उपसून त्या जागी कोणा हौशीने तयार केलेला डायोडचा गाभा ठेवावा, म्हणजे प्रकाशही वाढे आणि खर्चही वाचे. त्याला ना डाग द्यावा लागे, ना वायर जोडावी लागे. या काळात जाणत्याने नवख्याला बदललेल्या विजेरीची शिफारस केली, ती त्याच्या हिताचीच होती असे मी निःसंकोच म्हणेन.

गोष्ट बिघडली ती सेलमुळे. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणला, आणि त्यांपैकी १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून '१८६५०' या आकड्याने ओळखला जाणारा सेल लॅपटॉपच्या बॅटरीत सर्रास जाऊ लागला. मोडीत निघालेल्या लॅपटॉपच्या बॅटरी फोडून त्यांतले सेल वेचून घेणे हा मग शौकिनांचा नित्यक्रमच झाला. आता हा सेल मोठा गुणी खरा, पण तितकाच मानी. पूर्ण भरला म्हणजे तो ४.२ व्होल्टवर येतो, आणि त्याहून अधिक त्याला भरू द्यावयाचे नाही. फार खाली उतरला, की त्याच्या आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा संभव राहतो. दोन सेल एकापुढे एक घातले आणि त्यांतला एक निकृष्ट निघाला, तर धडधाकट सेल त्या दुबळ्याला उलट्या दिशेने दामटत नेतो. लॅपटॉपमध्ये या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक कारभारी नेमलेला असतो. विजेरीत तो बहुधा नसतो. त्याचे काम वापरणाऱ्याने स्वतः करावयाचे असते, आणि तेही अशा धातूच्या नळीत, की जिच्या दोन्ही तोंडांना पाणी शिरू नये म्हणून रबरी कडी घट्ट बसविलेली असते. सेल फुगून वायू सोडू लागला तर त्या वायूने जावे कोठून? अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ च्या जानेवारीत सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत व वापरू नयेत असा जाहीर इशाराही दिला. मुरलेला शौकीन व्होल्टमीटर जवळ बाळगतो, सेलचे वेष्टण फाटले की बदलतो, भरावयास लावून झोपी जात नाही. या साऱ्या सवयी त्याच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की शिफारस करताना त्या सांगावयाच्या राहून जातात. वस्तूचे नाव तेवढे सांगितले जाते. परंतु शिफारस करणारा हा एका अर्थी जामीन असतो, आणि जामिनाने मुद्दलाबरोबर जोखमीचाही हिशेब द्यावा, ही अपेक्षा काही गैर नव्हे.

दरम्यान हौस आणि कारखाना यांची सरमिसळही होऊ लागली. २०१७ मध्ये आलेली 'एमिसार डी-४' ही मुठीत मावणारी विजेरी शौकिनांच्याच मागण्यांतून आकारास आली. एका सेलवर चार डायोड, काही क्षण हजारो ल्युमेन, आणि खिशात चुकून लागली तर कापड करपविण्याइतकी ऊब, असा तिचा थाट. अशा विजेऱ्यांसाठी एका हौशी प्रोग्रामरने लिहिलेली 'ऍन्ड्युरिल' नावाची आज्ञावली तर इतकी विस्तारली, की एकाच बटणाच्या दाबांनी काय काय घडते याचा तक्ता लोक छापून भिंतीवर लावू लागले. मात्र या आज्ञावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत कर्तीने एक शहाणपण केले. विजेरी आरंभी साध्या रीतीनेच चालावी, सर्वोच्च प्रखरतेवर मर्यादा असावी, आणि बटण दहा वेळा दाबून शेवटचा दाब धरून ठेवल्याखेरीज प्रगत दालन उघडू नये, अशी तजवीज तिने मुळातच करून ठेवली. वाद घालणाऱ्यांपैकी कोणाहीपेक्षा त्या कर्तीने नवख्याचा विचार अधिक केला होता, असे माझे मत आहे.

आता हौशी मंडळी ज्याचा सर्वांत अधिक अभिमान बाळगतात त्या गुणाविषयी, म्हणजे प्रखरतेविषयी. नवख्याला आकडा लवकर भुलवितो. २००९ साली अमेरिकेत विजेरीच्या मोजणीचे 'एफएल-१' हे मानक आले आणि खोक्यावरच्या ल्युमेनांना काही शिस्त लागली. परंतु त्या मानकानुसार मूळ प्रकाश एक दशांशावर येईपर्यंत विजेरी 'चालू' समजली जाते, आणि मोठा आकडा काही मिनिटांतच निम्म्यावर येऊ शकतो, हे खोके ठळक अक्षरांत सांगत नाही. शिवाय प्रकाश दुप्पट केल्याने डोळ्यास तो दुप्पट भासत नाही, आणि दुप्पट अंतरावर तितकाच उजेड पडावयास झोताची तीव्रता चौपट व्हावी लागते. याउलट प्रकाशाचा रंग पालटला तर फरक पहिल्या क्षणी कळतो. स्वस्त, निळसर डायोडाखाली कुंकू मातकट दिसते, मनुष्याची चर्या आजारी वाटते. निचियाच्या उच्च रंगनिष्ठेच्या, किंचित उबदार डायोडाखाली तेच कुंकू लाल दिसते. हा बदल करून घेतल्याने सेलवर अधिक ताण पडत नाही. प्रकाश उलट थोडा घटतो, आणि म्हणूनच कदाचित त्याची शिफारस कित्येक वर्षे कोणी फारशी केली नाही.

आपल्याकडचा शौकीन ही विजेरी बहुधा चीनहून मागवितो, त्यावर जकात भरतो, आणि विमानाने जावयाचे झाल्यास सुटे सेल हातातल्या सामानातच ठेवावे लागतात हेही लक्षात ठेवतो. परंतु सह्याद्रीत पहिल्यानेच रात्री गड चढावयास निघालेल्या मुलाचा प्रश्न निराळा आहे. गडाच्या पायथ्याच्या दुकानात पेन्सिल सेल मिळतो, १८६५० मिळत नाही; आणि चढताना दोन्ही हात मोकळे असणे हे हजार ल्युमेनांहून अधिक मोलाचे. त्याला मी डोक्याला बांधावयाची, पेन्सिल सेलवर चालणारी साधी विजेरी घ्यावयास सांगेन. पुढे रंगाची गोडी लागली तर उबदार डायोडाची, सेल व चार्जिंगची सोय मुळातच असलेली विजेरी. तिसऱ्या खरेदीच्या वेळी तो कोणालाच विचारावयास जाणार नाही, हे या छंदातल्या सर्वांना ठाऊक आहे.